पुण्याजवळ घोडा ठेवायला पागा बघताय? आधी क्वारंटाइनची शेड बघा

पागा बघायला गेलं की मालक आधी रिंगण दाखवतात, मग अंगावर चकाकी असलेले दोन-तीन घोडे, मग चहा येतो. माझं म्हणणं असं की चहा येण्याआधी एक प्रश्न विचारून घ्यावा: काल रात्री इथे नवा घोडा आला असता, तर आज सकाळी तो कुठे बांधलेला दिसला असता? ज्या पागेत याचं उत्तर हात करून दाखवता येतं तिथेच पुढचं बोलणं करावं. घोड्याच्या फ्लूची मला मनापासून धास्ती आहे, आणि या पागेबद्दल लिहायला बसले तेही त्याच कारणाने.

पागा पिरंगुटच्या पुढे, मुळशी रस्ता सोडून आत गेल्यावर भातखाचरांच्या वरच्या अंगाला आहे. वीस-बावीस घोडे राहतील एवढी ठाणं, एक वाळूचं रिंगण, मोकळं सोडायला गवताचं कुंपणातलं आवार. मारवाडी, काठियावाडी, शर्यतीतून बाहेर पडलेले थरोब्रेड आणि भीमथडी तट्टं असे सगळे एकत्र नांदतात. माझी मैना मारवाडी, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. महिन्याचे १८,००० रुपये पडतात. त्यात चंदी (धान्याचा खुराक), कडबा, लसूणघास, खरारा आणि रोजची फेरी येते. नालबंद आणि डॉक्टर यांचा खर्च वेगळा. खाणं, स्वच्छता, माणसांची वागणूक यात नाव ठेवायला जागा नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

फ्लूवर मात्र सविस्तर लिहायचं आहे. मैना आधी जिथे होती तिथे एका लग्नसराईत खोकल्याची साथ आली होती. वरातीला जाणारे घोडे रात्री उशिरा परत यायचे आणि त्याच दावणीला उभे राहायचे. आधी एक घोडा ठसकायला लागला आणि आठवडा संपायच्या आत सगळी दावण खोकत होती. नाकातला नमुना घ्यायला कोणी तयार झालं नाही. ‘हवा बदलली की होतंच’ हे उत्तर मिळालं, आणि ताप उतरल्या उतरल्या घोडे पुन्हा वरातीला गेले. त्यातला एक चांगला उमदा घोडा पुढे कित्येक महिने साध्या चढावर धापा टाकत होता. त्याच हंगामात मी मैनाला तिथून हलवलं.

हा आजार नेमका काय आहे ते इथे सांगायलाच हवं, कारण बरेच मालक त्याला ‘सर्दी’ म्हणून सोडून देतात. घोड्याचा फ्लू हा इन्फ्लुएन्झा ए गटातल्या विषाणूमुळे होतो. एच७एन७ हा प्रकार १९५६ मध्ये प्रागला सापडला, एच३एन८ हा १९६३ मध्ये मायामीला. पहिला प्रकार आता कित्येक दशकांत घोड्यांत आढळलेला नाही. जगभर जो फिरतो आहे तो एच३एन८. शिरकाव झाल्यावर एक ते तीन दिवसांत ताप चढतो, तोही १०३ ते १०६ फॅरनहाइटपर्यंत. घोड्याचं नेहमीचं तापमान साधारण ९९ ते १०१.५ च्या दरम्यान असतं हे लक्षात घेतलं म्हणजे यातला फरक कळेल. मग कोरडा, खरखरीत, छातीतून येणारा खोकला. नाकातून आधी पाण्यासारखं, नंतर घट्ट पिवळट. चंदी तोबऱ्यात तशीच राहते, अंग दुखतं म्हणून घोडा पाऊल टाकायला कुरकुरतो. प्रत्येक खोकल्याबरोबर विषाणू हवेत उडतो आणि शेजारच्या ठाणापर्यंत सहज पोचतो. बादल्या, लगाम, खराऱ्याचे ब्रश, मोतद्दाराचे, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या माणसाचे, हात आणि कपडे या सगळ्यांवरून तो पुढे जातो. माणसाला याची लागण होत नाही, पण या आजाराचा टपालवाला माणूसच असतो.

धडधाकट मोठा घोडा यात सहसा दगावत नाही, आणि नेमक्या याच कारणाने लोक निर्धास्त राहतात. विषाणू श्वासनळीचं आतलं अस्तर खरवडून टाकतो. धूळ आणि जंतू वर ढकलणारे तिथले बारीक केस पुन्हा नीट उगवायला साधारण तीन आठवडे लागतात. त्या काळात घोडा पळवला, तर उघड्या पडलेल्या श्वासनळीत जिवाणू घुसतात आणि न्यूमोनियापर्यंत मजल जाते. म्हणून जितके दिवस ताप तितके आठवडे विश्रांती, आणि काही झालं तरी तीन आठवड्यांपेक्षा कमी नाही, असा हिशेब जाणते डॉक्टर सांगतात. शिंगरांना आणि गाढवांना तर हा आजार फारच जड जातो. वीटभट्टीवरच्या गाढवांना कोण तीन आठवडे विश्रांती देणार, हा विचार आला की जीव कासावीस होतो.

आपल्याकडे हे काही ऐकीव नाही. १९८७ मध्ये देशात मोठी साथ आली होती. मग २००८ च्या उन्हाळ्यात जम्मूजवळ कटऱ्याला, वैष्णोदेवीच्या वाटेवर यात्रेकरूंना वाहणारी तट्टं आणि खेचरं खोकायला लागली आणि तिथून पुढच्या काही महिन्यांत हा आजार एकामागून एक राज्यांत पोचला. एका गावचा घोडा दुसऱ्या गावी जातो, बाजार भरतो, लग्नं लागतात, शर्यतींचा हंगाम मुंबईहून पुण्याला आणि पुण्याहून मुंबईला फिरतो. विषाणूला याहून काय पाहिजे?

आणि ऑस्ट्रेलियाचं २००७ सालचं प्रकरण घोडा ठेवणाऱ्या प्रत्येकाने समजून घेतलं पाहिजे. त्या देशात हा आजार तोवर नव्हता, त्यामुळे तिथल्या घोड्यांना लसही दिलेली नव्हती. जपानमधून घोडे आले, सिडनीच्या सरकारी क्वारंटाइन केंद्रात ठेवले गेले, आणि ऑगस्टमध्ये विषाणू बाहेरच्या घोड्यांत दिसला. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड या दोन राज्यांत मिळून हजारो ठिकाणचे घोडे आजारी पडले. पुढे झालेल्या चौकशीत जी शक्यता सगळ्यात जास्त मानली गेली ती ही की केंद्रात ये-जा करणाऱ्या कुणाच्या तरी अंगावरून किंवा सामानावरून तो बाहेर पडला. कुंपण होतं, कागद होते, नियमही होते. माणसं आत जाताना आणि बाहेर येताना नीट धुऊन-पुसून जात नव्हती.

आता या पागेकडे येते. नव्या घोड्याची शेड मुख्य ठाणांपासून चांगली लांब, आवाराच्या दुसऱ्या टोकाला आहे. वर उंच पत्रा, बाजूंनी अर्धी भिंत आणि वर मोकळं, त्यामुळे हवा खेळती. तिथल्या बादल्या, घमेली, ब्रश, मोहरक्या सगळ्यांना लाल रंगाचा पट्टा मारलेला आहे आणि ती वस्तू शेडच्या बाहेर दिसली तर मोतद्दाराला जाब द्यावा लागतो. शेडचं काम बघणारे तात्या इतर घोड्यांना हात लावत नाहीत. ते सुट्टीवर असले तर दुसरा मोतद्दार आधी बाकीच्या घोड्यांचं सगळं आटोपतो आणि शेवटी शेडमध्ये जातो, उलट कधीच नाही. गमबूट आणि अंगावरचा डगला शेडच्या दारात अडकवलेला असतो, तो तिथेच घालायचा, तिथेच काढायचा. बाहेर नळ आणि साबण. हा विषाणू वरून चरबीच्या आवरणात असतो, साध्या साबणाने मरतो; महागडी औषधं फवारण्यापेक्षा हात आणि बादल्या घासून धुणं जास्त कामाचं, हे इथल्या माणसांना पक्कं ठाऊक आहे.

लशीची वही पूर्ण असलेला घोडा इथे दोन आठवडे राहतो, कागद नसलेला तीन आठवडे. रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघून भिंतीवरच्या तक्त्यावर लिहितात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण खोकला ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. ताप आधी बोलतो. मी मैनाचे तक्त्याचे फोटो मागून घेतले होते, एकही रकाना रिकामा नव्हता.

तिला या पागेत आणलं तेव्हाचा एक प्रसंग सांगते. सारंगखेड्याच्या व्यापाऱ्याने विकताना तपासणीचा दाखला दिला होता, तो मी तात्यांच्या हातात ठेवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला.

“ताई, हा ग्लँडर्सचा. हा बी पायजेच, त्याबद्दल काय म्हणणं न्हाई. पण फ्लूचं काय? इंजेक्शनची वही हाय का?”

“वही नाही दिली त्यांनी.”

“मंग तीन आठवडे माझ्याकडं ऱ्हाईल ती. रोज येऊन बघा, पण लांबून. आन् बघून झाल्यावर त्या बाकीच्या घोड्यांकडं जाऊ नका.”

बाजारात आणि जत्रेत ग्लँडर्सची चौकशी होते, आणि व्हायलाच हवी, तो माणसालाही होणारा जीवघेणा आजार आहे. पण ग्लँडर्सचा दाखला हातात आला की आपला घोडा सगळ्या आजारांतून मोकळा झाला असं अनेकांना वाटतं. त्या कागदावर फ्लूबद्दल एक अक्षर नसतं. हे मला कुठल्या पुस्तकाआधी तात्यांनी शिकवलं, आणि या पागेला मी सगळ्यात जास्त गुण याच माणसासाठी देईन.

लसीकरण पागेच्या मालकीणबाईंनी आपल्या हातात ठेवलंय. डॉक्टर ठरलेल्या दिवशी बर्फाच्या पेटीतून लस आणतात. दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्येच ती राहायला हवी, गोठलेली चालत नाही, आणि पेटीतला थर्मामीटर बाई स्वतः बघतात. पहिला डोस, मग चार ते सहा आठवड्यांनी दुसरा, त्यानंतर साधारण सहा महिन्यांनी तिसरा, आणि पुढे दरवर्षी एक. स्पर्धांना किंवा बाजाराला जाणाऱ्या घोड्यांना वर्षाऐवजी सहा महिन्यांनी. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या स्पर्धेत उतरायचं तर शेवटचा डोस सहा महिने आणि २१ दिवसांच्या आतला लागतो, आणि स्पर्धेच्या जागी पोचण्याआधीच्या सात दिवसांत घेतलेला चालत नाही, म्हणून तारखा आधीच मांडून ठेवाव्या लागतात. ते काम इथे बिनचूक होतं. गाभण घोड्यांना विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी डोस देतात, म्हणजे चिकातून शिंगराला संरक्षण मिळतं. आईकडून आलेलं ते संरक्षण अंगात असेपर्यंत शिंगराला दिलेली लस नीट लागू होत नाही, त्यामुळे त्यांची सुरुवात सहा महिन्यांनंतरच. वहीत तारीख, लशीचं नाव, बॅच नंबर, डॉक्टरांची सही. दुसऱ्या दिवशी मानेवर जरा सूज किंवा कणकण येऊ शकते, म्हणून दोन दिवस घोड्याला पळवत नाहीत.

लशीत विषाणूचे कुठले स्ट्रेन (उपप्रकार) आहेत हेही डॉक्टर खोक्यावरून वाचून दाखवतात. हा उगाच शहाणपणा नव्हे. विषाणू हळूहळू रूप बदलतो. एच३एन८ च्या फ्लोरिडा घराण्याच्या दोन शाखा अलीकडच्या काळात महत्त्वाच्या मानल्या गेल्या, आणि २००८ ची आपल्याकडची साथ त्यातल्या दुसऱ्या शाखेची होती. लशीत कुठले स्ट्रेन असावेत याची शिफारस जागतिक पशु आरोग्य संघटना करते. जुन्या स्ट्रेनची लस टोचून वही भरते, घोड्याला मात्र हवं तेवढं संरक्षण मिळत नाही.

लस दिली म्हणजे क्वारंटाइन सोडून द्या, असं म्हणणारे मालक भेटतात. त्यांना मी ब्रिटनमधलं उदाहरण देते. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथे लस घेतलेल्या शर्यतीच्या घोड्यांतच हा विषाणू सापडला आणि देशभरातल्या शर्यती सहा दिवस थांबवल्या. लस घेतलेला घोडा फारसा आजारी पडत नाही, विषाणूही कमी आणि कमी दिवस बाहेर टाकतो, पण टाकू शकतो, आणि तेही खोकला न दाखवता. म्हणून इथे लस घेतलेल्या घोड्यालाही दोन आठवडे शेड चुकत नाही. एका सदस्याने आपल्या घोड्याचा वार्षिक डोस लांबवला तेव्हा बाईंनी तो होईपर्यंत घोडा रिंगणात आणू दिला नाही. ते गृहस्थ बरेच रागावले. बाईंनी आवाज न चढवता नाही म्हटलं आणि शेवटपर्यंत नाहीच म्हटलं.

या सगळ्याची परीक्षाही एकदा झाली. शेडमधल्या एका नव्या घोड्याचा ताप संध्याकाळच्या नोंदीत १०४ च्या वर गेला. त्याच रात्री डॉक्टर आले. लांब काडीने नाकाच्या आतून नमुना घेतला. ताप येऊन एक-दोन दिवसच झालेले असताना घेतलेला नमुना सगळ्यात उपयोगाचा असतो. तो बर्फात घालून हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवायची तजवीज झाली. तोवर पागेचं फाटक बंद. कोणताही घोडा आत नाही, बाहेर नाही, सवारीचे वर्ग रद्द, आणि आम्हा सगळ्यांना त्याच रात्री मोबाइलवर निरोप. सगळ्या ठाणांतल्या घोड्यांचा ताप दिवसातून दोनदा. आजारी घोड्याला अँटिबायोटिक लगेच दिलं नाही, कारण विषाणूवर त्याचा उपयोग नसतो. ताप उतरवायचं औषध, भरपूर पाणी, भिजवलेला चारा म्हणजे धूळ नाकात जाऊ नये. फ्लूचा अहवाल नकारात्मक आला. जबड्याखाली गाठी आल्या आणि स्ट्रँगल्स हा घोड्यांचा जिवाणूंमुळे होणारा आजार निघाला, तोही पसरणाराच, पण शेडबाहेर तो गेला नाही. वर्ग बंद राहिल्याने पागेचं पैशांचं नुकसान झालं ते बाईंनी सोसलं, आमच्याकडून एक रुपया मागितला नाही.

आता जे पटत नाही ते. शेडची जागा आवाराच्या पश्चिमेला आहे. पावसाळ्यात इथे वारा पश्चिमेकडूनच वाहतो, म्हणजे शेडवरून थेट मुख्य ठाणांकडे. ऑस्ट्रेलियात वाऱ्याच्या दिशेने हा आजार शेजारच्या आवारांत गेल्याचं दिसलं होतं. पुण्यात शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात असतो आणि थरोब्रेडांची ये-जा तेव्हाच वाढते, त्यामुळे ही जागा मला मुळीच योग्य वाटत नाही. शेड पूर्वेला हलवावी, हे मी बाईंना सांगितलंय. जमीन उताराची आहे, भराव घालावा लागेल, असं त्यांचं उत्तर.

दुसरी गोष्ट नालबंदाची. तो हाताचा फार चांगला आहे, मैनाच्या मागच्या खुरांची वेडीवाकडी वाढ त्याने सुधारली. पण तो दिवसभरात तीन-चार पागा करत येतो आणि त्याच कातडी एप्रनने, त्याच कानशीने एका घोड्यावरून दुसऱ्यावर जातो. तात्या त्याला शेडमध्ये सगळ्यात शेवटी पाठवतात, तेवढं ठीक. पण दुसऱ्या पागेतून आल्या आल्या आमच्या ठाणांकडे जाताना त्याला कोणी हात धुवायला लावत नाही. मोतद्दारांना लावलेला नियम पाहुण्या कारागिराला आणि पाहुण्या डॉक्टरलाही लागू व्हायला हवा. सिडनीत काय झालं ते वर लिहिलंच आहे.

शेडचे दिवस महिन्याच्या पैशांत धरत नाहीत, त्याचे दिवसाला वेगळे पैसे लागतात. माझ्या मते हे चुकीचं आहे. पैसे वाचवायला मालक जुनी, अर्धवट वही दाखवून दोन आठवड्यांत घोडा सोडवून घ्यायला बघतो, आणि मग सगळा भार तात्यांच्या नजरेवर पडतो. हा खर्च सगळ्यांच्या मासिक पैशांत थोडा थोडा वाटून टाकावा, मी आनंदाने देईन. मोकळ्या आवारातला पाण्याचा हौदही अजून सामायिक आहे. तिथे बादल्या आल्या तर बरं होईल.

पाचापैकी चार तारे. शेड हलली आणि नालबंदासाठी फाटकाशी नळ-साबण झाला, तर उरलेला ताराही देईन. वरातीला किंवा चित्रीकरणाला घोडा भाड्याने देणाऱ्यांना ही पागा सोयीची नाही, कारण बाहेर रात्र काढलेला प्रत्येक घोडा परत आल्यावर पुन्हा शेडमध्ये जातो. बघायला जायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून जा, त्याच दिवशी दुसऱ्या पागेत जाऊन आला असाल तर तसं फाटकावरच सांगा, आणि लशीची वही असेल तर ती मूळ प्रत घेऊन जा. फोटोवर तात्या विश्वास ठेवत नाहीत.